झिनीच्या बांधावरचे फोटो

किड्यांचे फोटो आणखी चांगले कसे येतील, असं अजूनही कुणीतरी विचारतं. बहुतेक तरुण असतात, हातात माझ्या वेळेपेक्षा शंभरपट चांगला कॅमेरा असतो आणि माझे जुने फोटो त्यांनी कुठंतरी पाहिलेले असतात. मला त्यांचा राग येत नाही, त्या प्रश्नाचा येतो. सकाळी लवकर जा, श्वास रोखून धर, किड्याचा डोळा स्पष्ट आला पाहिजे, असं काहीबाही सांगून मी त्यांना वाटेला लावतो. खरं उत्तर द्यायचं तर बसून ऐकावं लागेल, आणि त्यात माझी अब्रू जाईल. ती जपून तरी आता काय लोणचं घालायचंय, म्हणून लिहून टाकतो.

नव्वदीच्या सुरुवातीला मी किन्हवलीजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो. विज्ञान, हे मुद्दाम सांगतो. शहापुरातल्या एका स्टुडिओवाल्यानं लग्नांचं व्हिडिओ शूटिंग सुरू केलं तेव्हा त्याचा जुना कॅमेरा मी घेतला. त्याला एकच लेन्स होती. ती उलटी धरली की मुंगी बोटाएवढी दिसते, हे त्यानंच मला दाखवलं आणि माझ्या डोक्याला भुंगा लागला. उलटी लेन्स बसवायला कडी मिळते हे मला ठाऊक नव्हतं. पहिली दोन वर्षं मी लेन्स डाव्या हातानं कॅमेऱ्यावर दाबून धरायचो, फटीतून उजेड शिरायचा आणि अर्धा रोल पांढरा व्हायचा. मग सायकलच्या ट्यूबचा पट्टा कापून त्या फटीवर चढवला. छत्तीस फोटोंचा रोल कल्याणला धुवायला जायचा, आठवड्यानं यायचा, आणि त्यातले तीसेक हललेले असायचे. "पैसे देऊन भुतं काढून आणतायत," असं बायको शेजारणीला सांगायची. मला तिचाही राग यायचा. मला राग यायला तसंही फारसं काही लागत नाही.

शिकायची जागा म्हणजे बाबांचं एक खाचर. बाकीच्या शेतात आम्ही सगळ्यांसारखं सुधारित भात लावायचो, पण ओढ्याकडच्या त्या एका खाचरात बाबा दरवर्षी झिनी लावायचे. बारीक दाण्याचं, वासाचं, उशिरा येणारं भात. त्याचं बी आमच्या घरी आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं. कापणीच्या आधी बाबा एकटे खाचराच्या मध्यात शिरायचे, भरलेल्या लोंब्या निवडून हातानं खुडायचे, वेगळ्या झोडायचे आणि ते बी शेणानं सारवलेल्या लहान कणगीत बंद करून ठेवायचे. आमच्या भागात झिनी लावणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. हे एक खाचर चुकलं की घरातलं बी संपलं, हे बाबा दर पावसाळ्यात एकदा तरी बोलून दाखवायचे. म्हणून त्या खाचरात ते युरिया टाकत नसत, औषध मारत नसत, आणि बांधावरचं गवतही कोयत्यानंच कापत.

साहजिकच तालुक्यातले सगळे किडे तिथं नांदायला आलेले. चतुर, चतुरासारख्याच पण सुईएवढ्या बारीक टाचण्या, नाकतोडे, पानाच्या सुरळीत बसणारे कोळी, नावं माहीत नसलेले कितीतरी. मी रोज शाळेच्या आधी तास-दीड तास त्या बांधावर पोटावर पडून असायचो. गावानं आधी चौकशी केली, मग चेष्टा केली, मग सोडून दिलं. "मास्तरांचा कायतरी हरवलाय, नऊ वर्सं शोधत्यात," असं एकजण म्हणायचा, त्याच्याशी मी बोलणं टाकलं होतं.

फोटो मात्र सुधारत गेले. बांबूची काठी छातीएवढी कापून तिच्या टोकावर कॅमेरा टेकवला की हात कापत नाही, हे कळलं. फ्लॅशचा उजेड फार कडक पडतो म्हणून त्याच्यापुढं मिठाईच्या खोक्यातला पातळ कागद लावला. वारा आला की एका हातानं छत्री आडवी धरायची. किड्याला समोरून जायचं नाही, बाजूनं जायचं, आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. प्रत्येक फोटो वहीत लिहायचो, अंतर किती, उजेड कसा, काय चुकलं. कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळं एकेक गोष्ट शिकायला एकेक पावसाळा गेला. सगळ्यांत मोठी अडचण एकच होती. किडा हलतो. पहाटेच्या दवात तो गारठून बसलेला असतो तेवढा वेळ आपला, ऊन अंगावर आलं की तो उडाला.

दोन हजार सालानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. गणपती होऊन गेले होते. झिनीची काही पानं पिवळट दिसत होती आणि त्याच पानांवर मला एक अळी दिसली. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, काळी, पाठीवर नारिंगी ठिपके आणि काट्यांच्या रांगा. मी तिचा फोटो काढला. तो माझ्या तोवरच्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला फोटो होता. काटा न् काटा मोजता यावा असा. जबडा पुढं काढलेला. मी त्याची कॅलेंडरएवढी मोठी प्रत करून घेतली, आणि ती बघितल्यावर माझ्या अंगावर शहारा आला. असलं ध्यान माझ्या बापाच्या भातावर बसलंय.

ती प्रत घेऊन मी बाजारातल्या खता-औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. त्यानं फोटो उजेडात धरला आणि पहिल्यांदा कुणीतरी माझ्या फोटोला मनापासून वा म्हणालं.

"सर, हीच ती," तो म्हणाला. "सगळीकडं आलीय. लोकं नुसती सांगत्यात, अशी हाय, तशी हाय. तुमी तर तोंडच आणलात तिचा."

नाव काय, असं मी विचारलं. त्यानं कसलंतरी नाव सांगितलं आणि मागच्या फळीवरची बाटली काढून समोर ठेवली. फोटो मी त्याला भेट दिला. त्यानं तो गल्ल्यावरच्या काचेखाली सरकवला, गिऱ्हाइकाला बघता यावा असा. मी खूश होऊन घरी आलो. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

बाबा नाही म्हणाले. "ती कायम असत्यात रे," ते म्हणाले. "माझ्या बापाच्या वेळंपासून बगतो. त्यांनी आजवर काय केला नाय."

घरी ठेवलेली दुसरी प्रत मी त्यांच्यापुढं धरली. "हे तोंड बघा. हे काट्यांचं अंग बघा. असलं जनावर काय तुमच्या भातावर हवा खायला बसलंय?"

बाबांनी फोटो हातात घेतला. ते बराच वेळ बघत राहिले. त्यांना जवळचं नीट दिसायचं नाही, एवढ्या वर्षांत त्यांनी ती अळी अशी कधी पाहिलीच नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती मी बघितली आणि मला बरं वाटलं. आपलं म्हणणं पटतंय, असं वाटलं.

"पण बी हाय तिथं," ते म्हणाले.

"बी वाचवायलाच तर मारायचंय. मी विज्ञान शिकवतो, बाबा. तुम्ही मला काय सांगताय?"

एवढं बोललो. बापाला. त्यांनी फोटो खाली ठेवला आणि "तुला कळतंय तर मार" म्हणाले. पंप त्यांनी पाठीवर घेतला नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी शेजारच्याचा पंप आणला आणि सगळं खाचर, चारही बांधांसकट, फवारून काढलं.

रविवारी उजाडताच मी कॅमेरा घेऊन बांधावर गेलो. आणि तिथं मला घबाड सापडलं. टाचणी लोंबीला धरून बसलेली, अंगभर दव. मी जवळ गेलो, हलली नाही. आणखी जवळ गेलो, लेन्स जवळजवळ टेकवली, हलली नाही. छत्री नको, श्वास रोखणं नको. ऊन आलं, नऊ वाजले, साडेनऊ वाजले, तरी टाचणी तिथंच. शेजारी चतुर तसाच. पुढं एक नाकतोडा, एक कोळी. मी दोन रोल संपवले. नऊ वर्षं ज्याच्यासाठी पोटावर सरपटलो, ते एका सकाळी पदरात पडलं.

कळलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. पंपाच्या पट्ट्याचे वळ माझ्या खांद्यावर होते. हाताला औषधाचा वास होता. दव वाळल्यावरही ही का उडत नाही, ऊन अंगावर येऊनही पंख का झटकत नाही, हे विचारायला विज्ञानाचा मास्तर लागत नाही. मला ते विचारायचंच नव्हतं. मला फोटो हवे होते. रोल धुऊन आले, दर छत्तीसातले चौतीस काचेसारखे स्वच्छ आले, आणि मी त्यातला टाचणीचा आणि तो अळीचा असे दोन फोटो ठाण्याच्या एका स्पर्धेला पाठवून दिले.

दसरा झाला आणि खाचरात पहिला चट्टा पडला. पोळीच्या तव्याएवढा, भाजल्यासारखा तपकिरी. चार दिवसांत तो खाटेएवढा झाला, मग दुसरा, मग तिसरा. बाबांनी गुडघ्यावर बसून भाताचा एक चूड, एका जागी फुटलेला झुबका, बुडाशी फाकवला. आत रस शोषणारे तुडतुडे. बुंध्याला तीळ चिकटवावेत तसे तुडतुडे, धक्का लागला की पाण्यावर उड्या मारणारे. ते थोडेफार दरवर्षी असायचे, एवढे कधी नव्हते. मी औषध कमी पडलं म्हणालो, आणखी एकदा मारू म्हणालो. बाबांनी फाकवलेला चूड पुन्हा सरळ केला. कापणीला त्या खाचरात लोंब्या उभ्या होत्या, पण दाबल्या की दाणा पोचट. बाबा नेहमीसारखे मध्यात शिरले आणि मोकळ्या हातानं बाहेर आले.

थंडीत ठाण्याहून पत्र आलं. टाचणीच्या फोटोला पहिलं बक्षीस. मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो. परीक्षक वयस्कर गृहस्थ होते, स्टेजवरून माझ्या धीराबद्दल बोलले, किड्याशी एकरूप होण्याबद्दल बोलले, शहरातल्या फोटोग्राफरांनी खेड्यातल्या या मास्तरांकडून शिकावं म्हणाले. टाळ्या झाल्या. खाली चहाच्या टेबलाशी ते माझ्याजवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "फवारणी झाली होती ना हो तिथं?"

मी कप तोंडाला लावला.

"पाय बघा तिचे. असे आखडत नाहीत एरवी. मी बघताक्षणीच ओळखलं."

"मग बक्षीस का दिलंत?" मी विचारलं.

"फोटो म्हणून उत्तम आहे," ते म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं. "आणि तो दुसरा तुमचा, ढालकिड्याच्या अळीचा, तोही छान आहे. फार भाग्यवान शेत असणार. ही अळी असली की तुडतुड्यांची काळजी नको. दिवसभर खात असते त्यांना."

ढालकिडा. लाल, ठिपक्यांचा, गोल पाठीचा किडा. पुस्तकात त्याचं चित्र होतं, शेतकऱ्याचा मित्र म्हणून मी दरवर्षी वर्गात शिकवायचो. त्याची अळी कशी असते, हे मी पुस्तकात नव्हतं म्हणून कधी विचारलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि फाशी देण्याआधी त्या संन्याशाचा फोटो मोठा करून गावभर दाखवला होता. त्या माणसाच्या तोंडावर कप फेकावा असं मला वाटलं. स्टेजवर धीर-धीर करत होता, आणि सगळं माहीत होतं त्याला. पण त्यानं निदान विचारलं तरी. मी प्रमाणपत्र गुंडाळून पिशवीत टाकलं आणि चहा पूर्ण पिऊन निघालो. कुणाला काही सांगितलं नाही. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी थेट दुकानात गेलो. काचेखाली माझा फोटो होताच. एक शेतकरी वाकून तो बघत होता आणि "हाच रे हाच" म्हणत होता. त्याच्यापुढं बाटली काढून ठेवलेली. असा किती जणांना तो दाखवला, मी विचारलं.

"मोजलं नाय," दुकानदार म्हणाला. "तुमचा फोटो बगितला की लोकं लगेच वळखत्यात."

ही अळी मित्र आहे, ही तुडतुडे खाते, असं मी त्याला ओरडून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, मी किडा वळखत नाय, मी औषध वळखतो. किडा तुमी आणलात." मी काच उचलली, फोटो ओढून काढला आणि त्याच्यापुढं फाडला. शेतकऱ्यानं बाटली घेतलीच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते माझ्यापुरतं तरी खरं होतं.

बाबांना मी सगळं सांगितलं. ढालकिडा, अळी, टाचणीचे पाय, सगळं. त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर आमच्या दोघांचं बरं झालं असतं. ते म्हणाले, "बरा झाला कळला ते," आणि विहिरीकडं निघून गेले. उन्हाळ्यात त्यांनी पोचट लोंब्यांतून निवडलेले मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. आठ दिवसांनी फडकं सोडलं तेव्हा एकाही दाण्याला मोड नव्हता, फडक्याला नुसता कुबट वास येत होता.

वैशाखात ते म्हणाले, आपण आत्याकडं जाऊ. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण, मुरबाडच्या अंगाला दिलेली. ती सासरी निघाली तेव्हा तिच्या ओटीत घरची झिनी घातली होती आणि तिनं ती तिकडं पेरली होती, हे बाबांच्या चांगलं लक्षात होतं. आम्ही एसटीनं सरळगावला उतरलो आणि तिथून चालत गेलो. आत्यानं पाणी दिलं, चहा टाकला, करवंदं पुढं ठेवली. बाबांनी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर बी विचारलं.

"झिनी?" आत्या हसली. "कवाच सोडली, दादा. उशिरा येते, वाऱ्यानं लोळते. आता आमी पिशवीतला बी आणतो. तुझ्या घरची कुठं गेली?"

"पावसानं गेली गो," बाबा म्हणाले.

माझ्या टाळक्यात तिडीक गेली. "पावसानं नाही गेली," मी म्हणालो. "खोटं कशाला सांगताय? मी मारली. मी औषध मारलं म्हणून गेली." आत्याच्या घरात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो. मला वाचवायला ते खोटं बोलत होते आणि मला तेच सहन होत नव्हतं.

आत्यानं कप उचलले. "तुजा राग तुज्यापाशी ठेव," ती म्हणाली. "बी त्याचा गेला. त्याला काय सांगायचा ते सांगू दे."

परत येताना सरळगावच्या नाक्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. ऊन रणरणत होतं. बाबा टोपीनं वारा घेत होते. मग ते म्हणाले, "तुज्याकडं तिचा फोटो असंल ना? झिनीचा. एवढी वर्सं तिथंच व्हतास."

"आहे की," मी म्हणालो. "पुष्कळ असतील."

घरी आल्यावर मी सगळे अल्बम काढून ओटीवर बसलो. चारशेच्या वर फोटो. चतुराचा डोळा, नाकतोड्याच्या पायावरचे केस, कोळ्याच्या तोंडातली माशी. उलट्या लेन्सचं असं असतं की किड्याचा डोळा स्पष्ट आला की बोटभर मागचं सगळं विरघळून जातं, आणि मी तर ते जितकं विरघळेल तितका फोटो चांगला असं मानायचो, वहीत तसं लिहूनही ठेवायचो. पहिल्या अल्बमपासून शेवटच्यापर्यंत मी तीनदा बघितलं. एक पान, एक अख्खी लोंबी, एक चूड कुठं स्पष्ट नव्हता. टाचणीनं धरलेली लोंबीसुद्धा, पायाखालचे दोन दाणे सोडले तर पुसट.

बाबा शेजारी येऊन बसले. मी त्यातल्या त्यात बरा एक फोटो त्यांच्यापुढं धरला. त्यांनी किड्याच्या मागच्या हिरव्या डागावर बोट ठेवलं.

"ही?"

"हो. ही."

त्यांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. "वळखू येत नाय रे," ते म्हणाले आणि अल्बम माझ्या मांडीवर ठेवून बैलांना पाणी दाखवायला गेले.

मृग लागायच्या आधी त्या खाचरात पेरायचं बी दुकानातून आणलं. पिशवी मीच आणली.